दादाच्या डोळ्याचं टेन्शन

व्हिडिओ आधी आला आणि बातमी नंतर. सकाळचे साडेदहा वाजले असतील. देवळीच्या ज्या शाळेत मी बाबू आहे, तिथे कार्यालयात बसून दाखल्यांवर शिक्के मारत होतो, तेवढ्यात मोबाइल थरथरला. प्रणालीचा मेसेज होता. प्रणाली म्हणजे माझी मुलगी. दूर दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत ती डोळ्यांवर संशोधन करते. व्हिडिओखाली लिहिलं होतं, 'बाबा, पाहा पाहा पाहा! मोठेबाबांना आत्ताच्या आत्ता दाखवा.' मोठेबाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, उत्तमदादा. काळ्या पडद्यावर हिरवेगार, कोळ्यासारखे बारीक पाय असलेले जीव पाय पसरत होते, आखडत होते, सगळे मिळून एकाच ठिकाणी धावत होते. उंदराच्या डोळ्यातल्या पेशी होत्या त्या, जिवंत. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण पोरगी एवढी उड्या मारते आहे म्हणजे मोठं काही हाती लागलं असणार, हे कळलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकावी, दादाच्या वाडीत जावं आणि मोबाइल त्याच्या नाकाला टेकवून धरावा, असं ठरवून मी उठलोसुद्धा. तर वहिनीचा फोन. "भाऊजी, लवकर या. हे उठूनच नाई राह्यले." केळझरपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या गावात, वांग्याच्या वाफ्यात पाणी वळवता वळवता दादा जरा बसला होता, आणि बसल्या जागीच कलंडला होता. हृदय थांबलं होतं. मी पोचलो तेव्हा त्याच्या पायांची माती अजून ओली होती...

ह्याला दीड महिना झाला. मी फार बोलणारा माणूस नाही. दादा म्हणायचा, "बाबू, तुह्या तोंडाले शाळेचं कुलूप हाय." घरात तोही मला बाबूच म्हणे, आधी चिडवायला आणि मग सवयीने. तेरवीला लोक त्याच्याविषयी भरभरून बोलले, मी पाणी वाटत राहिलो. आज लिहायला बसलो आहे ते दादा किती चांगला होता एवढंच सांगायला नाही. त्याच्या डोळ्यांच्या बाबतीत मी एक गोष्ट लपवली, दहा वर्षं लपवली, ती सांगायला बसलो आहे. आणि अजब बघा, ज्या आजाराने त्याची नजर नेली, त्याच आजाराने त्याच्या आयुष्यात अशी काही धमाल आणली की त्याच्याविषयी लिहू लागलो की डोळ्यांत पाणी येण्याआधी छातीत धडधड सुरू होते, जत्रेला निघाल्यासारखी.

दादा सातवीपर्यंत शिकला. मला कॉलेजात धाडता यावं म्हणून वाडी त्याने अंगावर घेतली, आणि नंतर कधी तो विषय काढला नाही. वांगी, भेंडी, चवळीच्या शेंगा, आणि सांबार. सांबार म्हणजे आमच्या भागातली कोथिंबीर. सेलूच्या बाजारात त्याचं सांबार लांबून वासावरून ओळखू येई, असं तोच सांगे. त्याला मूलबाळ नाही. प्रणालीचं अर्धं बालपण त्याच्या वाडीत गेलं, आणि उरलेल्या अर्ध्यात ती वाडीत जाण्यासाठी रडत होती.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. रजिस्टरात नावं लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं, म्हणून दादाला मुद्दाम बोलावून घेतलं. बियाण्याच्या पाकिटावरची अक्षरं त्याला दिसेनाशी झाली होती, चष्मा लागायचं वय झालं होतं. सातवी ब च्या खिडक्यांना चादरी लावून आत अंधार केला होता आणि एक तरुण डॉक्टर भराभर तपासत होता. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. दादाच्या डोळ्यात थेंब टाकून, निळा दिवा लावून त्याने काही मोजलं, चिठ्ठीवर दोन आकडे लिहिले आणि मान वर न करताच मला म्हणाला, "इनका टेन्शन ज्यादा है. बड़े अस्पताल में दिखा लो, जल्दी. चलो, अगला."

त्या वर्षी रानडुकरांनी दादाची अर्धी वाडी उकरून टाकली होती. टेन्शन असणारच! मला त्यात नवल वाटलं नाही.

"काय म्हने रे बाबू डॉक्टर?" बाहेर आल्यावर दादाने विचारलं.

"तुले टेन्शन जास्त हाय म्हने. टेन्शन घेऊ नको."

"अबे, डोळ्यात पाहून समजते का हे? लय हुशार हाय बावा! डुकरं बी दिसले असतीन त्याले आतमंदी."

हा किस्सा त्याने महिनाभर गावभर सांगितला. वहिनीने त्याचा जास्तीचा चहा बंद केला, त्याला भजनाला पाठवू लागली. दादा मित्रांना म्हणे, "सरका बाजूले, मी टेन्शनवाला पेशंट हाय." आणि टेन्शनसाठी मोठ्या दवाखान्यात कशाला न्यायचं, लोक म्हणतील डोक्यावर परिणाम झाला, असा विचार करून मी ती चिठ्ठी शिबिराच्या रजिस्टरात ठेवून कपाट बंद केलं. डोळ्यांचे डॉक्टर डोळ्याच्या आतल्या दाबाला टेन्शन म्हणतात, हे पदवीधर माणसाला माहीत नव्हतं. डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होतं आणि झिरपून बाहेर जातं. ते तुंबलं की आतला दाब वाढतो, मागून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते, आणि हाच काचबिंदू. बहुतेकांना दुखत नाही, खुपत नाही, डोळा लाल होत नाही. बाजूचं दिसणं आधी जातं, समोरचं सगळ्यात शेवटी, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूत जे गेलं ते गेलं.

इथपर्यंत ती चूक. चुकीला माफी असते. पुढचं जे आहे ती चूक नव्हे.

सात महिन्यांनी शाळेत एक पोस्टर आलं. सूचनाफलकाच्या वर लावायचं होतं, शिपाई रजेवर होता, म्हणून स्टुलावर चढून मीच चिकटवलं. तोंडापासून वीतभर अंतरावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'डोळ्याचं टेन्शन म्हणजेच दाब वाढणे हे काचबिंदूचं लक्षण आहे. ताबडतोब उपचार घ्या.' मी ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. पोस्टर सरळ लागलं की नाही हे मान मागे घेऊन पाहिलं आणि खाली उतरलो. त्याच संध्याकाळी दादाला दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. नेलं असतं तर चिठ्ठी दाखवावी लागली असती, आणि सात महिने ती कपाटात पडली होती हे सांगावं लागलं असतं. ज्या माणसाने मला शिकता यावं म्हणून शाळा सोडली, त्याला मी कसं सांगू की तुझी चिठ्ठी मला वाचता आली नाही? परीक्षा संपू दे, म्हटलं. मग निकाल लागू दे. मग दादा तर ठणठणीत दिसतो आहे, त्याला ते नसेलच. पाच महिने रोज दोनदा मी त्या पोस्टरखालून गेलो...

मग केळझरच्या देवळाजवळच्या वळणावर डावीकडून आलेली मोटारसायकल दादाला दिसलीच नाही. लागलं थोडंसंच, पण मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरने त्याच्या कानाजवळ बोटं हलवून पाहिली आणि म्हणाला, आधी डोळे दाखवा. मोठ्या दवाखान्यात दिवसभर तपासण्या झाल्या. डावा डोळा जवळपास गेला होता. उजव्यात मधलं तेवढं उरलं होतं, पाइपातून पाहिल्यासारखं. डॉक्टरीणबाई केसपेपर लिहिता लिहिता म्हणाल्या, "याआधी कधी डोळ्यांचा दाब तपासला होता का?"

दादा पटकन म्हणाला, "शिबिरात पाह्यलं होतं ना बे बाबू. टेन्शन निंगालं होतं."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "ते वेगळं होतं, दादा."

चार शब्द. त्यांनी 'नाही' असं लिहिलं. दादाने मान डोलावली, कारण बाबू शिकलेला, बाबूला कळतं. मी पुढची दहा वर्षं जगलो ती ह्या चार शब्दांवर बसून.

थेंब सुरू झाले. दाब उतरला, अगदी हवा तितका उतरला. दादा वेळेवर थेंब घेई, तपासणी चुकवत नसे. तरी पुढच्या दोन वर्षांत उजव्या डोळ्याचा पाइप आणखी अरुंद झाला. आणि इथे दादा चवताळला. रडला वगैरे नाही. विहिरीवरची मोटार बंद पडली की तो जसा तिच्या मागे लागे, तसा ह्या प्रश्नाच्या मागे लागला. "दाब तं बराबर हाय म्हंता. मंग काऊन कमी होऊन राह्यलं?" डॉक्टरीणबाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, काहींच्या बाबतीत दाब उतरूनही नस मरत राहते. काहींचा दाब तर कधी वाढलेलाच नसतो आणि तरीही काचबिंदू होतो. दाबाशिवाय आणखी काय काय असतं ह्यावर जगभर शोध चालू आहे. दादाचा चेहरा उजळला! मी शपथेवर सांगतो, उजळला. घरी येताना एसटीत मला कोपराने ढोसत म्हणाला, "म्हंजे डॉक्टर लोकाईले बी म्हाईत नाई! मज्जाच हाय ना बे! आपन शोधू." आपण म्हणजे प्रणाली, हे त्याने मनात पक्कं करून टाकलं होतं. ती तेव्हा बीएस्सीला होती. दर आठवड्याला तिला फोन करून विचारी, "सापडलं का?" जसं काही तिच्या वहीत मागच्या पानावर उत्तर छापलं होतं.

शेवटी ती खरंच त्या वाटेला गेली. संशोधनाला लागल्यावर पहिल्या दिवाळीत आली ती थेट वाडीत. दादा वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला होता, ती समोर मातीवर फतकल मारून बसली आणि हातवारे करून सांगू लागली. मी बांधावर उभा होतो.

"मोठेबाबा, डोळ्याच्या पडद्यात ना, राखण करणाऱ्या पेशी असतात. शरीराची जी रोगाशी लढणारी फौज आहे, त्यातल्याच म्हणा. जंतू आले की भिडायचं, घाण झाली की खाऊन टाकायची. आपण लहान असतो तेव्हा नसांचे जास्तीचे जोड झालेले असतात, ते काढून टाकायचं कामही ह्यांचंच."

"म्हंजे निंदण," दादा म्हणाला.

"हो! निंदणच! नको ते उपटायचं. आता दाबानं नस दुखावली, की ह्या पेशी खवळतात. सूज आणणारी रसायनं सोडतात, रक्तातल्या लढणाऱ्या पेशींनाही हाका मारत असाव्यात. आणि जे जोड चांगले आहेत, ज्यांच्या जोरावर आपल्याला दिसतं, तेही उपटू लागतात. दाब उतरला तरी काही वेळा ह्यांचं खवळणं उतरत नाही, असं दिसतं."

दादा एकदम उभा राहिला. "शेवंताबाई! अवो, आपली ते शेवंताबाई नाई का!" वहिनी लांबून हसायला लागली. त्याचं असं झालं होतं की एका वर्षी शेवंताबाई नावाची नवी बाई निंदणाला आली होती. सांबाराचा वाफा तिला दिला. गाजरगवताचं कोवळं रोप आणि सांबार, पानं जवळजवळ सारखी. संध्याकाळपर्यंत तिने दोन्ही उपटून वाफा असा लख्ख केला की अंगण वाटावं. वर वहिनीला म्हणते कशी, "पाहा माय, एक काडी नाई ठेवली!"

"तुह्या त्या पेशी म्हंजे शेवंताबाईच बसली डोळ्यात," दादा म्हणाला. "पन मले सांग पोरी, तिच्यावर राग काऊन धरावं? तिले थोडीच वाटे का नुसकान करून राह्यलो. तिले वाटे कामच करून राह्यलो."

मी बांधावरून हे ऐकलं आणि क्षणभर वाटलं, हे मलाच म्हणतो आहे. त्याला ठाऊक आहे, आणि तो मला सोडवतो आहे. किती हलकं वाटलं! पण खोटं कशाला बोलू? माझं शेवंताबाईसारखं नव्हतं. पोस्टर चिकटवल्यानंतर मला सांबार कुठलं आणि गवत कुठलं ते कळलेलं होतं.

त्यानंतर दादा तिची प्रयोगशाळा बघायला निघाला. साठीचा माणूस, दिसणं पाइपाएवढं, वाडी सोडून दोन दिवस कुठे राहिलेला नाही, आणि वर्ध्याच्या स्टेशनावर नव्या धोतरात असा उभा होता जणू वरातीला चालला आहे. सोबत मी, आणि पिशवीत पोरीच्या मॅडमसाठी वांगी. प्रणालीने त्याला एका मोठ्या पडद्यासमोर बसवलं. सगळा पडदा त्याला एका वेळी दिसेना, म्हणून तो नाक टेकेल इतका पुढे झाला आणि पाटीवरचं नाव शोधल्यासारखी मान इकडून तिकडे फिरवू लागला. मग एका जागी थांबला. "हे हालून राह्यलं... बाबू, हे हात हालवून राह्यलं ना बे! पाह्य ना! चाचपून राह्यलं!" इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या खोलीतली पोरं धावत आली. एक पेशी शांतपणे आपले बारीक हात पसरून आजूबाजूचं चाचपत होती, आणि दादाचाही हात नकळत पुढे होऊन तसाच हवेत चाचपत होता. मॅडम आल्या, दक्षिणेकडच्या, त्यांना मराठी येत नव्हतं. दादाने आपलं हिंदी बाहेर काढलं.

"मॅडम, ये बाई लोग निंदण तो बराबर करते. मगर कौनसा पौधा उपटना, ये उसको कैसा समजता?"

प्रणालीने इंग्रजीत समजावलं. मॅडम म्हणाल्या, जे काढायचं त्यावर शरीर एक खूण लावतं, ती खूण पाहून ह्या पेशी ते खातात. दादाने गुडघ्यावर थाप मारली. "मतलब चिंधी बांधता! तो मॅडम, चांगले पौधे को चिंधी कौन बांधके जाता? उसको पकडो ना! बाई को काऊन बोल लगाते?"

मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. प्रणालीकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "कामाचा प्रश्न आहे. वहीत लिही." ह्यातून औषध निघालं असं कोणी समजू नये. आजही काचबिंदूवरचा इलाज दाब उतरवणं हाच आहे. हे सारं अजून उंदरांत आणि काचेच्या तबकड्यांत चालू आहे. पण परतीच्या गाडीत दादा लहान मुलासारखा खिडकीशी बसून होता, समोर बसेल त्याला सांगत होता, "माह्या डोळ्यात कोन बसलं हाय, मी पाहून आलो."

मग सेलूच्या बाजाराला नवाच रंग चढला. दादाच्या दुकानात वांगं घ्यायला गेलेली बाई काचबिंदूवर व्याख्यान ऐकल्याशिवाय सुटत नसे. "मोतीबिंदू पिकते, बाई. काचबिंदू पिकत नाई, चोरते. घरात कोनाले हाय? भावाले? मंग तू काऊन नाई पाह्यलं? जाय, तपासून येजो, अन् चिठ्ठी दाखवजो, सांबार फुकट नेजो." लोक खरंच चिठ्ठ्या घेऊन येऊ लागले. सांबार संपायला लागलं तेव्हा वहिनी वैतागून म्हणाली, "अख्ख्या तालुक्याचे डोळे आपल्याच वाफ्यावर!" त्यात एका कंडक्टरचा काचबिंदू अगदी सुरुवातीला सापडला. त्या दिवशी दादा बाजारात नाचला हो, नाचला, टोपली डोक्यावर घेऊन.

फक्त एक माणूस चिठ्ठी घेऊन गेला नाही. सख्ख्या भावंडांना धोका जास्त, हे दादाने पहिल्याच वर्षी मला सांगितलं होतं. मी म्हणे, पुढच्या महिन्यात. मग ऑडिट आहे. मग मला तर सगळं दिसतं आहे. "दिसतेच ना लेका, मले बी दिसतच होतं!" तो ओरडे. तपासणीला मी घाबरत नव्हतो. तिथे टेबलापलीकडून विचारतील, घरात कोणाला आहे, कधी कळलं... आणि मला पुन्हा ते चार शब्द तरी बोलावे लागतील, किंवा खरं. दोन्ही जमणार नव्हतं. शेवटच्या भेटीतही, जायच्या दोनच दिवस आधी, त्याने माझा हात धरून एवढंच म्हटलं, "बाबू, तू काऊन नाई जात बे? काय हाय असं?" तेव्हा सांगता आलं असतं. वाडीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "जातो ना दादा, सोमवारी." तो सोमवार त्याच्यासाठी आलाच नाही.

तेरवीनंतर चार दिवसांनी मी वहिनीला सगळं सांगितलं. चिठ्ठी, कपाट, पोस्टर, पाच महिने, आणि ते वेगळं होतं, दादा. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"पाच महिने," ती म्हणाली. "मोटारसायकल नसती आली तं किती घेतले असते, भाऊजी?"

"माहीत नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"दादाले म्हाईत होतं का?" मग मीच विचारलं.

"मले नाई म्हाईत. त्याइले इचाराले पाह्यजे होतं, ते होते तवा." तिने सूप बाजूला सरकवलं. "अन् तुमचे डोळे? तपासले का?"

"नाही."

"मंग हे सांगून मले काय देऊन राह्यले? उठा. उद्या सकाळची गाडी धरू." माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजतागायत म्हणालेली नाही. प्रणालीला फोनवर सांगितलं. ती आधी संशोधकाच्या आवाजात म्हणाली, "त्या वर्षभरात किती नजर वाचली असती, हे मोजता येणार नाही, बाबा. काहीच वाचली नसती असं मात्र मी म्हणणार नाही." आणि मग माझ्या पोरीच्या आवाजात म्हणाली, "जा तुम्ही आधी. जा!"

दवाखान्यात टेबलापलीकडे एक मुलगी बसली होती, प्रणालीएवढी. "घरात कोणाला काचबिंदू?" मी सांगायला सुरुवात केली ती थांबेचना. शिबिर, टेन्शन, रजिस्टर, पोस्टर, सगळं. मागची रांग चुळबुळ करू लागली. दहा वर्षांचं कुलूप फुटलं होतं, आणि त्या मुलीने शांतपणे ऐकून घेऊन कागदावर दोनच शब्द लिहिले, 'मोठा भाऊ', आणि म्हणाली, "आत बसा, काका." मग अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात हनुवटी टेकवून मी बसलो. समोर पाहत राहायचं आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपका, बटण! ठिपका, बटण! मग मधेच बराच वेळ काही चमकेना, आणि मला कळलं की चमकत असणार, मला दिसत नाही आहे. ह्याच खोलीत, ह्याच स्टुलावर दादा वर्षानुवर्षं बसला, आणि बाहेर आल्यावर दर वेळी सांगायचा की आज जास्त सापडले.

डाव्या डोळ्यात सुरुवात आहे. वरच्या बाजूचा छोटा तुकडा. बाकी सगळं शाबूत. डॉक्टरीणबाई त्याच होत्या, केस पिकलेल्या. म्हणाल्या, "वेळेत आलात." वहिनी बाहेर बाकावर बसली होती. मी सांगितलं, "सापडला. लवकर सापडला!" ती ताडकन उठली आणि भर दवाखान्यात टाळी वाजवली तिने, दादा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं, आणि मग लगेच पदर डोळ्याला लावून तिथेच बसली.

आता शाळेला निघण्याआधी सकाळचा थेंब मी वाडीतच घेतो. तसं ठरलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी थेंब टाकून पापण्या मिचकावत उठलो, तर बाजाराची मेथी बांधत बसलेली वहिनी खेकसली, "असं नाई! निजा. डोळा मिटा. नाकाजवळच्या कोपऱ्यात बोट दाबून धरा, नाई तं सारं औषध घशात उतरते." दादा खाटेवर असाच पडून असायचा, ती म्हणाली, आणि घड्याळ दिसत नसल्यामुळे किती वेळ धरायचं ते तिच्या जुड्या बांधण्यावरून मोजायचा. दोन जुड्या बांधून होईपर्यंत बोट काढायचं नाही. मी त्याच्या खाटेवर पडतो, बोट दाबतो. मिटल्या डोळ्यांमागे सुंभ ओढल्याचा आवाज येतो, मुळ्यांची माती झटकल्याचा आवाज येतो. मधेच मला वाटतं झालं असेल, आणि बोट जरासं सैल पडतं.

"एकच झाली," वहिनी म्हणते. "धरून ठेवा, भाऊजी."